खांदमळणी माणसाचीही
(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात झालेले भाषण)



महोत्सवाच्या मंगल प्रसंगी रोगराईचे बोलू नये, हे मला कळते. म्हणून मी आज बळाविषयी बोलणार आहे. ताकद म्हटली की आपल्यापुढे जाम नदीवरची गोटमार उभी राहते. एका काठाला पांढुर्णा, दुसऱ्या काठाला सावरगाव, आणि मधोमध पळसाचा झेंडा. परंतु मला त्याच्या दोन दिवस मागे जावयाचे आहे. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आपण बैलाची खांदमळणी करतो. वर्षभर जू वाहिलेला खांदा हळद-तूप लावून चोळतो. बैल विकत घेतानाही आपण शिंगांच्या रंगाला भुलत नाही. खांदा पाहतो, पुठ्ठा पाहतो. घरातल्या वडीलधाऱ्यांचे खांदे आणि मांड्या मात्र आपण कधीच पाहत नाही.

माझी थोरली आत्या जन्मभर संत्र्याच्या बगीच्यात राबली. बहात्तराव्या वर्षी तिला ताप आला. आठ दिवसांत तो उतरला. पण घरच्यांनी मायेने सांगितले, "आत्याबाई, आता तुम्ही उठू नका, पाणीसुद्धा आम्ही हातात देऊ." तीन महिने तिला पाणी हातात मिळाले. मग एके सकाळी मोरीतून उठताना तिच्या पायांनी दगा दिला, खुब्याचे हाड मोडले, आणि ती पुन्हा चालली नाही. मी तेव्हा वैद्यकीचा विद्यार्थी होतो, आणि तांब्या आणून देणाऱ्यांत मीही होतो. आजचे भाषण म्हणजे त्या चुकीचे थोडेसे प्रायश्चित्तच समजा.

आपल्या हाडांना जोडलेले, आपल्या इच्छेने हलणारे असे सहाशेंच्या वर स्नायू शरीरात आहेत. प्रौढ पुरुषाच्या वजनात सुमारे चाळीस टक्के वाटा त्यांचाच असतो. स्त्रियांत तो काहीसा कमी असतो. स्नायूंचे काम केवळ ओझे उचलण्याचे, असे आपण समजतो. वास्तविक ते शरीराची कणगी आहेत. आजारपणात माणसाला अन्न जात नाही, तेव्हा जखम भरावयाला आणि रोगाशी झुंजावयाला लागणारी प्रथिने शरीर ह्याच कणगीतून उपसते. कणगी भरलेली असेल तर माणूस आजारातून उठतो. रिकामी असेल तर ताप उतरूनही तो उठत नाही.

दुसरी गोष्ट साखरेची. जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचा मोठा वाटा स्नायू आपल्याकडे ओढून घेतात. एरवी त्यासाठी इन्सुलिनची किल्ली लागते. परंतु राबणारा स्नायू त्या किल्लीवाचूनही साखर आत घेऊ शकतो. जेवणानंतर शतपावली करावी, असे आपले वडील सांगत आले, त्यात हे मर्म आहे. शिवाय काम करणारे स्नायू रक्तात काही द्रव्ये सोडून यकृताला, चरबीला, हाडांना निरोप धाडतात, असेही आता शास्त्रज्ञांना आढळले आहे.

ह्या बाबतीत आपल्या लोकांची अडचण विशेष आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता व बालकांचा अभ्यास केला. तेथील नवजात बालकांचे वजन सरासरी २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो भरले. आपली बालके किरकोळ होती. स्नायू तुटपुंजे, पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने राखलेली. पुढे २००४ साली डॉ. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश स्नेही डॉ. जॉन युडकिन ह्यांनी 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण दिले. उंचीच्या मानाने वजन दोघांचे अगदी सारखे. पण युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! म्हणून "आमचा मुलगा सडपातळ आहे, त्याला कुठला मधुमेह?" असे म्हणून आपण निश्चिंत राहू नये. काटा वजन सांगतो. त्यात स्नायू किती हे सांगत नाही.

वयाबरोबर स्नायू झिजतात, आणि साठीनंतर ही झीज वाढते. पण निजून राहिल्याने जे नुकसान होते, ते फार झपाट्याचे असते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात निरोगी वृद्धांना दहा दिवस अंथरुणावर ठेवले, तर पायांतील स्नायू सरासरी सुमारे एक किलोने घटले. जामसावळीचे आपले मारुतिराय निजलेले आहेत. देव निजला तरी त्याचे बळ जात नाही. माणूस निजून राहिला तर जाते.

आता समाधानाची गोष्ट सांगतो. १९९० साली बोस्टन येथील संशोधकांनी सरासरी नव्वद वर्षे वयाच्या, वृद्धाश्रमात राहणाऱ्या मंडळींकडून आठ आठवडे पायांचा वजनी व्यायाम करून घेतला. त्यांच्या पायांची ताकद दुपटीहून अधिक झाली. नव्वदीला जे साधते, ते साठीला का साधू नये?

ह्यासाठी तालीमखानाच पाहिजे असे नाही. हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठून बसावे. भिंतीला हात धरून टाचा उचलाव्यात. झेपेल तेवढे ओझे उचलावे. आठवड्यातून निदान दोन दिवस असा जोराचा व्यायाम घडावा. भाकरीबरोबर तुरीचे वरण दाट असावे, नुसते वरचे पाणी नसावे. दही, शेंगदाणे, हरभरे ताटात यावेत. आणि सर्वांच्या मागून, उरलेसुरले जेवणाऱ्या आपल्या घरच्या स्त्रियांच्या ताटात ते आधी यावेत. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र आपल्या डॉक्टरांना विचारूनच हे करावे.

संस्थेच्या चालकांना माझी एक विनंती आहे. आपण आरोग्य शिबिरे भरवाल, तेव्हा रक्तदाबाच्या यंत्राशेजारी एक साधी खुर्चीही ठेवा. हात न टेकता कोण उठतो, कोण उठत नाही, ह्याची वहीत नोंद करा. तिला पैसा लागत नाही. पण माझ्या आत्यासारखी एखादी म्हातारी पडण्याआधी ती वही आपल्याला सावध करील.

आणि तरुणांनो, आईवडिलांना पाणी अवश्य द्या. पण ते स्वतः उठून घेऊ म्हणत असतील, तर त्यांचा हात धरा, वाट अडवू नका. बैलाचा खांदा आपण जपतो, कारण त्यावर आपले शेत चालते. घर ज्यांच्या खांद्यावर उभे राहिले, त्यांची खांदमळणी पोळ्याची वाट न पाहता रोज व्हावी, एवढेच मागणे मागून मी आपली रजा घेतो.