संकेतपृष्ठाची पहिली ओळ



शासकीय कार्यालये, शाळा आणि ग्रामपंचायती यांची पुष्कळशी माहिती आता संकेतस्थळांवर प्रसिद्ध होते. अशा प्रत्येक पानाच्या आरंभी ‘डॉकटाइप एचटीएमएल’ ही घोषणा असावी, असा नियम आहे. ती गाळली तरी पान उघडते; मग तिची आवश्यकता काय, असा प्रश्न साहजिकच विचारला जातो.

१९९० च्या दशकात निरनिराळे ब्राउझर पानाची मांडणी आपापल्या रीतीने करीत. पुढे सर्वमान्य नियम ठरले. परंतु ते सरसकट लावल्यास जुनी पाने विस्कटली असती. म्हणून २००० च्या सुमारास तोड निघाली : योग्य घोषणा असेल तर नवे नियम, नसेल तर जुनी वहिवाट. ही व्यवस्था आजही चालू आहे. घोषणा नसलेल्या पानातील तक्ता, पानासाठी ठरविलेला अक्षरांचा आकार आपोआप स्वीकारत नाही. लाभार्थ्यांची यादी किंवा जमाखर्च वाचू पाहणाऱ्या नागरिकाच्या दृष्टीने हा दोष लहान नाही.

पूर्वीची घोषणा लांबलचक असे. २०१४ मध्ये प्रमाणित झालेल्या एचटीएमएल ५ मध्ये ती अवघ्या १५ चिन्हांची आहे. मात्र तिच्यामुळे मराठी अक्षरे शुद्ध उमटतील, असे नाही. त्यासाठी यूटीएफ-८ ही नोंद स्वतंत्रपणे करावी लागते.

तेव्हा नवे पान स्वीकारण्यापूर्वी या दोन्ही गोष्टी संबंधितांनी अवश्य तपासून घ्याव्यात. त्यास खर्च नाही. वाचकाची सोय मात्र निश्चित आहे.