केसपेपरवरचा राहिलेला प्रश्न
(मुंबईच्या उपनगरांतल्या फॅमिली डॉक्टरांच्या अधिवेशनातील अध्यक्षीय भाषण)



अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत दवाखाने चालवणारी आपण माणसं.  विषय आहे व्हेप, म्हणजे ई-सिगारेट.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. 18 सप्टेंबर 2019 रोजी केंद्राने वटहुकूम काढला आणि डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, साठा, जाहिरात, सगळ्यांवर बंदी आली. नुसत्या साठ्याचा गुन्हा सोडला, तर पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास तीन वर्षं आणि पाच लाखांपर्यंत. याउलट, शाळेपासून शंभर यार्डांच्या आत सिगारेट विकणाऱ्या टपरीवाल्याला 2003च्या तंबाखू नियंत्रण कायद्याने दंड होतो जास्तीत जास्त दोनशे रुपये! व्हेपचा कायदा एवढा कडक, की आपल्यासाठी काही काम उरलंच नाही असं वाटावं. पण सप्टेंबर 2022 मध्ये मुंद्रा बंदरात महसूल गुप्तचर खात्याने दोन लाखांहून जास्त ई-सिगारेटी पकडल्या. किंमत सुमारे 48 कोटी. गिऱ्हाईक नसताना एवढा माल कोणी मागवत नाही.

बंदीला विरोध करणारे ब्रिटनचा दाखला देतात. तिथे सिगारेट सुटावी म्हणून मोठ्या माणसांना व्हेप सुचवलं जातं, हे खरंच आहे. हा मुद्दा मी उडवून लावणार नाही. जाळलेल्या तंबाखूतलं टार व्हेपमध्ये नसतं, हेही मान्य. पण तो हिशेब महाराष्ट्राला लावून बघा. 2016-17च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात आपल्या राज्यात धूम्रपान करणारे प्रौढ होते 3.8 टक्के आणि तंबाखू चघळणारे, मशेरी लावणारे वगैरे 24.4 टक्के. आपला रोग गालफडात आहे. मळून तंबाखू खाणारा रिक्षावाला आंब्याच्या चवीची व्हेपची कुपी (पॉड) विकत घेऊन तंबाखू सोडेल, असं कोणाला वाटतं? इथे व्हेप जुन्या व्यसनाची जागा घेत नाही. ज्या घरात कोणी कधी विडी ओढली नाही, त्या घरातल्या मुलापर्यंत ते पोचतं. विडीसारखा वास नाही, राख नाही, थुंकणं नाही; आईला कळणार कसं? आणि ज्या ब्रिटनचा दाखला देतात, त्याच ब्रिटनने 1 जून 2025 पासून एकदा वापरून फेकायच्या व्हेपची विक्री बंद केली.

व्हेपच्या आत असतं काय? प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, चवीची रसायनं आणि निकोटीनचा क्षार, जो घशाला बोचत नाही म्हणून झुरक्यावर झुरका मारता येतो. अमेरिकेत गाजलेल्या जुल या व्हेपच्या एका पॉडमध्ये सिगारेटच्या पाकिटाइतकं निकोटीन असल्याचं कंपनीच सांगत असे. 2019 मध्ये तिथे व्हेप ओढणाऱ्यांत फुप्फुसांच्या आजाराची साथ आली आणि फेब्रुवारी 2020 पर्यंत 68 माणसं दगावली. त्यामागे मुख्यतः काळ्या बाजारातल्या गांजाच्या काडतुसांत मिसळलेलं व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट होतं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण आपल्याकडे तर सगळा मालच काळ्या बाजारातला! सिगारेटच्या पाकिटाच्या 85 टक्के भागावर इशारा असतो, व्यसन सोडवणारा 1800-11-2356 हा नंबर छापलेला असतो. चोरट्या मार्गाने आलेल्या व्हेपच्या खोक्यावर आपल्या मुलासाठी असं काहीही नाही. बंदीची ही एक बाजू आपण डॉक्टरांनी तरी ओळखायला हवी. बंदीचं मी समर्थन करतो, पण ती आली म्हणून उपचाराची जबाबदारी संपत नाही.

गुटख्याचं काय झालं ते आठवा. राज्याने 2012 मध्ये बंदी घातली. विकणाऱ्यांनी पानमसाल्याची एक पुडी आणि तंबाखूची दुसरी अशी फोड केली आणि धंदा सुरू ठेवला. कायदा मंत्रालयात होतो, मोडतो मात्र स्टेशनबाहेर.

म्हणून स्थानिक प्रश्न विचारतो. व्हेपची बंदी वॉर्डात राबवायची कोणी? कायद्यानुसार उपनिरीक्षक आणि त्यावरचे पोलीस अधिकारी कारवाई करू शकतात. बंदोबस्त, मोर्चे, गणपती यांतून त्यांना सवड कधी मिळणार? त्याच कायद्यात, राज्य सरकारने अधिसूचना काढली तर त्या दर्जाच्या इतर अधिकाऱ्यांनाही हे अधिकार देता येतात, अशी तरतूद आहे. आपल्या पालिकेच्या प्रत्येक वॉर्डात आरोग्य अधिकारी आहेत. हॉटेलांची स्वयंपाकघरं आणि डासांची पैदास तपासणाऱ्या या यंत्रणेला कॉलेजांभोवतालच्या गल्ल्या पाठ असतात. त्यांना अधिकार द्या, अशी मागणी या अधिवेशनाने करावी. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर आणि मुलुंडच्या के पश्चिम, आर मध्य, एन आणि टी या चार वॉर्डांपासून सुरुवात करा. सोबत अट एकच: पकडायचं विकणाऱ्याला. वर्गात मुलाच्या दप्तरात व्हेप सापडलं, तर त्याला शाळेतून काढू नका, डॉक्टरकडे पाठवा.

आणि तो आपल्याकडे आला तर? आपल्या केसपेपरवर 'तंबाखू, दारू' एवढंच असतं. सतरा वर्षांचा मुलगा खोकला, धडधड, मळमळ घेऊन येतो. आपण अ‍ॅसिडिटीची गोळी देतो, जागरण कमी कर म्हणतो आणि पुढच्या पेशंटला हाक मारतो. 'तंबाखू खातोस का?' याला तो 'नाही' म्हणतो, आणि ते खरंच असतं. आईला दोन मिनिटं बाहेर बसवा आणि व्हेपचं नाव घेऊन विचारा. ओढत असेल तर रागावू नका. या वयात निकोटीनचं च्युइंगम सरसकट लिहून द्यायचं नसतं, आधी समुपदेशन. व्यसन सोडवणाऱ्या त्या टोल-फ्री सेवेचं एक केंद्र टाटा मेमोरियल चालवतं; नंबर चिठ्ठीवर लिहून द्या.

वॉर्डांबाबतच्या मागणीचा ठराव दुपारच्या सत्रात मांडला जाईल, त्याला हात वर करालच. पण उद्या सकाळी दवाखाना उघडल्यावर केसपेपरवर 'व्हेप' हा एक शब्द वाढवा, ही माझी विनंती आहे.