आजारी दिवसाचा दंड



‘आज बाईंनी खाडा केला’ हे वाक्य आपल्यापैकी बहुतेकांच्या घरांत अधूनमधून ऐकू येत असेल. पैसे कापायचे की नाहीत, यावरून आपल्या घरांत दोन मतं तरी असतात. ऊसतोडीत नसतात. तिथे त्या दिवसाची कमाई जातेच, वर दंड बसतो. २०१९ साली बीडच्या बायकांनी पत्रकारांना सांगितलेला दंडाचा आकडा होता दिवसाला पाचशे रुपये.

दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळ्या निघतात. त्याआधी मुकादमाकडून, म्हणजे टोळी नेणाऱ्या कंत्राटदाराकडून, उचल म्हणून आगाऊ रक्कम घेतलेली असते. उचल मिळते कोयत्याला, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. तो ऊस तोडतो. ती मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढवते. गाडी रात्री दोनला आली तर रात्री दोनला भरायची. चूल, पाणी, लेकरं हे सगळं त्याच्या आधी नाहीतर नंतर. तिला ताप भरला किंवा पाळीत अंगावरून फार गेलं, तर ती एकटी थांबत नाही, जोडी थांबते. खाडा मुकादमाच्या वहीत चढतो आणि उचलीत मिळवला जातो. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, उचल फिटली नाही, की उरलेली बाकी घेऊन पुढच्या हंगामाला पुन्हा त्याच मुकादमाकडे. यंदाचा ताप पुढच्या साली फेडायचा!

या खाड्याशीच जोडलेली गोष्ट म्हणजे पिशवी काढणं. बायका गर्भाशय म्हणत नाहीत, ‘पिशवी काढली’ म्हणतात. याच्या चौकशीसाठी २०१९ मध्ये सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली, म्हणजे जवळपास सहा जणींमागे एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायकांत देशभराचं प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास होतं. कॅन्सरची भीती घालणारे डॉक्टर यात आहेत, हे खरंच. पण ती भीती इतकी सहज का पटावी? अंगावरून पांढरं जाणं, कंबर धरणं, ओटीपोटात दुखणं यांवर उपचार असतात. उपचाराला दिवस लागतात, पुन्हा दाखवायला जावं लागतं. उसाच्या फडात दिवस महाग. ऑपरेशन मात्र उन्हाळ्यात गावी एकदा उरकून टाकता येतं, त्यासाठी पुन्हा कर्ज काढावं लागलं तरी. मला विचाराल तर आजारपणाची रजा नसण्याचा याहून जळजळीत पुरावा दुसरा नाही.

कायदा काय म्हणतो? १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्यानं आजारी कामगाराला वर्षात ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळण्याची सोय केली. सोय चांगलीच आहे. मात्र हंगामी कारखाने त्यातून वगळले, आणि हंगामी म्हणजे कोणते हे सांगताना साखरेचं नाव घेऊन वगळले. सामाजिक सुरक्षा संहितेनंही हंगामी कारखान्यांचा अपवाद कायम ठेवला. म्हणजे कारखान्याच्या आतल्यालाच जिथे हे छत्र नाही, तिथे फडातल्या बाईला कोण विचारतो! तिचा तर मालकच सापडत नाही. कारखाना म्हणतो, आमचा करार मुकादमाशी. मुकादम म्हणतो, मी उचल दिली, मालक कारखाना. ऊस मात्र त्याच कारखान्यात गाळला जातो.

जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली. मोठ्या लढ्यानंतर मिळाली, स्वागतच आहे. पण दर टनावर आहे. जी उभी राहू शकत नाही तिचे टन शून्य.

पैसे कुठून आणायचे, असं लगेच विचारलं जातं. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी टनामागे दहा रुपये द्यायचे आणि तेवढीच भर सरकारनं घालायची, असं ठरलेलं आहे. हंगामात दहा कोटी टन गाळप धरा, दोन्ही मिळून दोनशे कोटी होतात. दहा लाख मजूर धरले, तर माणशी दोन हजार. दिवसाला पाचशेप्रमाणे चार दिवसांची पगारी रजा. महामंडळाची बाकी कामं आहेत, सगळा पैसा इथेच लागणार नाही, हे मान्य. मग दोन दिवसांपासून सुरुवात करा. पण त्याआधी दोन गोष्टी बिनपैशाच्या आहेत. खाड्याचा दंड बेकायदा ठरवून मुकादमाच्या वह्या तपासा. आणि जोडी मोडून बाईची नोंद तिच्या स्वतःच्या नावानं, स्वतःच्या बँक खात्यासह करा. नाहीतर रजेचे पैसेही उचलीतच वळते होतील.