टोप घेताना बूड बघा, कान बघा

(कडाव येथे ग्रामसंघाच्या मासिक बैठकीत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं बोलणं)

कर्जाच्या हप्त्यांचं आणि दशपर्णी अर्काचं बोलून झालं. आता माझी १५ मिनिटं. विषय ऐकून मागे कोणीतरी हसलं, ते मला ऐकू आलं. "भांडी कशी घ्यायची हे ही पोरगी आम्हाला शिकवणार?" बरोबर आहे. तुम्ही जेवढी वर्षं भाकऱ्या भाजताय तेवढं माझं वयही नाही. पण गेल्या चार महिन्यांत वह्या तपासताना एक गोष्ट दिसली. अंतर्गत कर्जाच्या कारणात 'भांडी' हा शब्द बऱ्याचदा येतो. मुलीच्या रुखवताला, गणपतीच्या आधी, नाहीतर दारावर आलेल्या माणसाचा हप्ता फेडायला. म्हणून म्हटलं, बोलूया.

आधी माझीच फजिती सांगते. पहिला पगार झाला तेव्हा आईला स्टीलच्या टोपांचा सेट घेतला. चकचकीत, एकात एक बसणारे पाच टोप, झाकणांसकट. दोन महिन्यांनी आई डाळीचा टोप गॅसवरून उतरवत होती आणि एका बाजूचा कान हातात राहिला. उकळती डाळ पायावर. आईने तीन आठवडे शेतात पाय टाकला नाही. ऐन लावणीचे दिवस, मजूर लावावे लागले. औषधं आणि मजुरी धरली तर त्या पैशांत असे तीन सेट आले असते. नंतर कान नीट बघितला. नुसते दोन ठिपके डाग देऊन चिकटवलेला होता, रिव्हेट एकही नव्हता.

तेव्हापासून दुकानात मी पहिल्यांदा कान बघते. रिव्हेट मारलेला कान असेल तर आतून डोकी दिसतात, ती हलत नाहीत ना ते बोटाने बघायचं. टोपात पाणी भरून एकदा उचलून बघायचं. दुकानदार कुरकुर करतो, करू दे. मग बूड. टोप पालथा घालून अंगठ्याने मध्यभागी दाबा. पत्रा आत जाऊन टकटक वाजला तर तो टोप चुलीवर फुगणार, आणि फुगलेल्या टोपात भात मध्ये करपतो, कडेला कच्चा राहतो. 'गेज' विचारलात तर एक लक्षात ठेवा, आकडा जेवढा लहान तेवढा पत्रा जाड. २२ गेजपेक्षा १८ गेज जाड. मला हे उलटंच वाटायचं.

आता लोहचुंबकाचं. चुंबक चिकटला नाही म्हणजे स्टील चांगलं, असं सगळ्या सांगतात. ते अर्धवट आहे. ३०४ नंबरच्या स्टीलला चुंबक चिकटत नाही हे खरं, त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. पण निकेल कमी करून मँगनीज घातलेल्या स्वस्त स्टीललाही चुंबक चिकटत नाही, आणि त्याच्यावर मिठाने लवकर डाग पडतात. म्हणून चुंबक खिशातच ठेवा. मोठ्या टोपावर '३०४' किंवा 'फूड ग्रेड' लिहिलंय का बघा, पक्कं बिल घ्या. स्टील कुठलंही असलं तरी मीठ थंड पाण्यात टाकून ठेवू नका. बुडाला बारीक खड्डे पडतात. पाण्याला उकळी आली की मीठ टाका.

जर्मनच्या टोपाला नावं ठेवायची फॅशन आली आहे. मी ठेवणार नाही. अ‍ॅल्युमिनियम लवकर तापतं, लाकूड कमी लागतं, वजनाला हलकं, किंमत निम्म्यावर. भात, पाणी, दूध यांना चालतं. पण कोकमाचं सार, चिंचेची आमटी, ताकाची कढी त्यात करू नका आणि रात्रभर तर अजिबात ठेवू नका. आंबट पदार्थ ते भांडं खातो. हिंडालियम म्हणजे वेगळं काही नाही, टणक केलेलं अ‍ॅल्युमिनियमच.

भाकरीसाठी मात्र बिडाचा तवा. तांदळाची भाकरी पातळ पत्र्यावर चिकटते हे तुम्ही मला सांगायचं, मी तुम्हाला नाही. नवीन पोरींसाठी सांगते. नवा तवा धुऊन, चुलीवर कोरडा करून, तेलाचा हात फिरवायचा, तापवायचा, कांद्याच्या फोडीने घासायचा. असं तीन-चार दिवस. मग तो काळा कुळकुळीत होतो. आपल्याकडच्या पावसात तवा नुसता धुऊन ठेवला तर सकाळी तांबडा झालेला असतो. म्हणून कोरडा करून तेल लावूनच टांगा. गंज आला तरी टाकून देऊ नका, घासून पुन्हा तेल पाजा. फक्त तापलेल्या तव्यावर गार पाणी मारू नका आणि हातातून पाडू नका, बीड तडकतं. सासूबाईंना वजन झेपत नसेल तर लोखंडी पत्र्याचा जाड तवा घ्या. लोखंडी कढईतल्या भाजीतून थोडं लोह पोटात जातं हे खरं, पण त्या भरवशावर आशाताईंनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या बंद करायच्या नाहीत.

नॉनस्टिक चुलीवर नको. २६० अंशांच्या वर ते काळं अस्तर बिघडायला लागतं, आणि चुलीवर रिकामा तवा तिथवर कधी पोचतो ते कळतही नाही.

कुकरमध्ये पैसे वाचवू नका. त्यावर आयएसआय मार्क सक्तीचा आहे. मार्कच्या बरोबर 'सीएम/एल' असा नंबर असतो, तो सरकारच्या बीआयएस केअर अ‍ॅपवर तपासता येतो. स्टील-अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांसाठीही केंद्र सरकारने २०२४ मध्ये असाच आदेश काढला. रबर सैल झालं की लगेच बदला, त्याच कंपनीचं. कुकर दोन तृतीयांशाच्या वर भरू नका, डाळ असेल तर निम्माच. डाळीचा फेस शिट्टीच्या भोकात अडकतो.

आता पैशाचं. दारावरचा माणूस म्हणतो, "ताई, आठवड्याला फक्त १०० रुपये." रोखीने १,८०० चा सेट, २४ आठवडे १०० म्हणजे २,४००. वरचे ६०० कशाचे? तेच १,८०० गटातून महिना २ टक्क्यांनी घेतले आणि सहा महिन्यांत ३०० - ३०० फेडले, तर व्याज होतं १२६ रुपये. आणि ते १२६ कोणाच्या घरात जातात? आपल्याच गटात.

केसांवर, जुन्या साड्यांवर भांडी घेता, घ्या, त्यात गमावण्यासारखं फार नाही. पण पितळेवर अदलाबदल करताना थांबा. माझ्या आजीने पितळी हंडा देऊन दोन स्टीलचे डबे आणि एक प्लास्टिकचा टब घेतला होता. टब पहिल्याच उन्हाळ्यात फुटला. पितळेला मोडीतही वजनावर चांगला भाव येतो. आधी हंडा काट्यावर घाला, बाजारात त्या दिवशीचा भाव विचारा, मग बोला. पितळेत स्वयंपाक करायचा असेल तर आतून कल्हई हवीच. घासून पिवळं दिसायला लागलं की आंबट काही शिजवायचं नाही.

आणखी एक. ज्यांच्या घरात कोणी वर्षात ९० दिवस बांधकामावर जातं, त्यांची कामगार मंडळाकडे नोंदणी असेल तर गृहोपयोगी भांड्यांचा संच मिळतो. तो मोफत आहे. "साहेबांना द्यावे लागतात" असं म्हणून कोणी पैसे मागितले तर देऊ नका, आधी मला किंवा ग्रामसंघाच्या अध्यक्षताईंना सांगा.

नवीन संसाराला सुरुवात करणारी मुलगी मला विचारेल तर मी सांगेन, २४ भांड्यांचा सेट नको. एक बिडाचा तवा, एक लोखंडी कढई, जाड बुडाचे दोन टोप, पाच लिटरचा कुकर, एक परात. बाकी गरज पडेल तसं. रुखवतात रांग कमी दिसेल, दिसू दे.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने कुकरचं झाकण घेऊन या. रबर आणि वॉल्व्ह एकत्र बसून बघू. ज्यांचे बदलायचे निघतील त्यांची यादी कंपनीप्रमाणे करू आणि कर्जतहून एकदमच आणू, म्हणजे रिक्षाभाडं एकदाच लागेल.