काकूंनी पाहिलेलं तंबूंचं गाव

दुपारची कामं आटोपली का? नसतील तर हातातलं चालू ठेवा आणि ऐका. आज आम्ही तुम्हाला एका रिकाम्या दिवसाची गोष्ट सांगणार आहोत.

आमच्या गटातल्या एक काकू लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला गेल्या होत्या. न्यू जर्सी राज्यातल्या एडिसन या शहरात लेक राहते. तिथे आपली मराठी माणसं पुष्कळ. सहा महिन्यांनी काकू परत आल्या तेव्हा बैठकीत आम्ही सगळ्यांनी त्यांना घेरलं. आम्हाला वाटलं, उंच इमारतींचं सांगतील, मोठ्या दुकानांचं सांगतील. काकू म्हणाल्या, "ते तर तुम्ही टीव्हीवर बघता गं. मी तंबूंचं गाव सांगते."

एडिसनहून तासाभराच्या वाटेवर, अटलांटिक समुद्राच्या काठाला ओशन ग्रोव्ह नावाचं छोटं गाव आहे. १८६९ साली मेथडिस्ट पंथाच्या काही ख्रिस्ती मंडळींनी उन्हाळ्यात भजन-प्रार्थनेसाठी तिथे तंबू ठोकले. वारीत पालखीच्या तळावर राहुट्या पडतात ना, तसे. पुढे घरं झाली, रस्ते झाले, पण तंबू राहिलेच. आजही तिथे ११४ तंबू आहेत. मे महिन्याच्या मध्याला ते उभे राहतात आणि सप्टेंबरच्या मध्याला उतरतात. जमीन संस्थेची, राहणारे हंगामाचं भाडं भरतात. संस्थेचे नियमही पाळावे लागतात. गावात दारू विकायला बंदी आहे. हे ऐकल्यावर आमच्या बैठकीत टाळ्या पडल्या!

काही कुटुंबं आजीपासून नातीपर्यंत तोच तंबू धरून आहेत. नव्या माणसाचा नंबर लागायला दहा-दहा वर्षंही जातात. म्हणजे सगळ्यांना मिळेल अशी ती सोय नाही, हेही काकूंनी सांगितलं.

लेकीच्या ऑफिसातल्या मैत्रिणीच्या आईचा तिथे तंबू. जुलै महिन्यात त्या आजींनी काकूंना दिवसभरासाठी बोलावलं. काकूंनी सवयीने पहाटे उठून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी केली आणि सगळे भल्या सकाळी निघाले.

तंबू बघून काकूंना नवल वाटलं. पुढे लहानशी पडवी, तिच्यावर पट्ट्यापट्ट्यांचं कापडी छत, फुलांच्या कुंड्या, दोन डुलणाऱ्या खुर्च्या. मग कापडाची खोली. तिला लागून मागे लाकडाची खोली, त्यात स्वयंपाकाचा ओटा आणि न्हाणीघर. हंगाम संपला की तंबूचं कापड आणि सामान त्याच लाकडी खोलीत ठेवून कुलूप लावायचं. २०१२ साली ऑक्टोबरात सँडी नावाचं मोठं वादळ आलं. समुद्रकाठचा फळ्यांचा रस्ता मोडला, सभागृहाच्या छपराचा काही भाग उडाला. हंगाम संपून तंबू मात्र तेव्हा उतरवलेले होते.

एका तंबूला दुसरा अगदी खेटून. शेजारी कोण घोरतं, ते सगळ्यांना ठाऊक! म्हणून हळू बोलायचं, एकमेकांना सांभाळून घ्यायचं.

घर झाडायला आजींना दहा मिनिटं लागली. भांडी मोजकीच. जेवायला उकडलेली मक्याची कणसं, टोमॅटो, पाव आणि आपल्या दशम्या. चार तंबूंतल्या बायका आपापलं ताट घेऊन पडवीत आल्या. चटणीने एकीच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी तिने परत मागून घेतली. जेवण झाल्यावर आजोबा उठले आणि त्यांनी भांडी धुतली. कुणी त्यांचं कौतुक केलं नाही. रोजचंच होतं ते.

मग बायका बसल्या. कुणी पुस्तक घेतलं, कुणी डोळे मिटले, कुणी नुसतीच येणाऱ्याजाणाऱ्याला हात करत राहिली. काकू म्हणाल्या, "मला बसवेना गं. हाताला काहीतरी हवं वाटायला लागलं. शेवटी शेंगा निवडायला मागितल्या. आजी हसल्या, म्हणाल्या, शेंगा नाहीत. लेकीने मला अर्थ सांगितला आणि मी गप खुर्चीत बसले. साठ वर्षांत पहिल्यांदा दुपारी बसले. आणि रडू आलं मला. कशाचं ते कळेना."

बैठकीत कुणीच काही बोललं नाही. मग एकेकीला आपापलं आठवायला लागलं. आजारी पडलो तेव्हाच आडवं झालो, असं तर जवळजवळ सगळ्याच म्हणाल्या.

सायंकाळी काकू समुद्रावर गेल्या. आपल्या कोकणात सूर्य समुद्रात बुडतो. तिथे समुद्र पूर्वेला, म्हणून सूर्य पाण्यातून उगवतो आणि तंबूंच्या मागे मावळतो. परत येताना आजींनी एक गोष्ट दाखवली. समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यांवरची घरं एका रेषेत नाहीत. समुद्र जवळ येतो तशी ती रस्त्यापासून थोडी थोडी मागे सरकलेली आहेत. का? तर मागच्या घरांनाही समुद्राचा वारा लागावा. गाव वसवतानाच तसं आखलेलं आहे.

रात्री १८९४ साली बांधलेल्या मोठ्या लाकडी सभागृहात ऑर्गनवादन होतं. सहा हजारांवर माणसं मावतील एवढं ते सभागृह. भाषा कळत नव्हती, देव वेगळा होता, पण काकूंना गावच्या सप्त्यातलं कीर्तन आठवलं.

मैत्रिणींनो, आपल्याकडे तंबू नाही, समुद्र नाही, आणि चार महिने सुट्टी घेणं आपल्याला परवडणारही नाही. शेळ्यांना चारा लागतोच. पण केंद्र सरकारची २०२४ सालची वेळेच्या वापराची पाहणी सांगते, की देशात घरकाम करणाऱ्या बाईची रोज सरासरी २८९ मिनिटं त्यात जातात, म्हणजे जवळजवळ पाच तास. घरकाम करणाऱ्या पुरुषाची ८८ मिनिटं. शेतातली मजुरी यात धरलेली नाही. मग आपल्याला दुपार कुठून मिळणार? घरातलं कुणीतरी थोडं मागे सरकलं तरच आपल्यापर्यंत वारा येईल.

आमच्या गटाचंही चुकत होतंच. बैठक म्हणजे हप्ता, वही, सह्या, आणि उठून पळायचं. आता आम्ही ठरवलंय, हिशेब झाला की अर्धा तास नुसतं बसायचं. भाजी निवडायला आणायची नाही. पहिल्या वेळी दोघी दहा मिनिटांतच उठल्या, "घरी ओरडतील" म्हणाल्या. दुसऱ्या वेळी त्यांतली एक थांबली. तिच्या मुलाने घरी भात लावला होता. कच्चट झाला, पण लावला.

तुमच्या घरी कोण भात लावू शकेल, ते आज रात्री जेवताना विचारून बघा. आणि पुढच्या बैठकीत आपल्या गटाला सांगा.