पहिल्या प्राण्यांचा माग
पुण्याजवळच्या भोसरी, मोशी आणि चाकणखालचा काळा बेसॉल्ट सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातून घडला. पहिले प्राणी त्याच्याही पन्नास कोटींहून अधिक वर्षे आधी समुद्रात अवतरले. म्हणून मोशीच्या दगडखाणीत कितीही खोल खणले, तरी त्यांचा ठसा मिळायचा नाही. मुलांनी प्राचीन प्राण्यांविषयी विचारले की आधी आपल्या पायाखालच्या खडकाचे वय सांगावे. त्याआधीचा काळ त्यावरून मोजता येतो.

पृथ्वीचे वय सुमारे 454 कोटी वर्षे. सूक्ष्मजीवांच्या खुणा 350 कोटी वर्षांपूर्वीपासूनच्या खडकांत आढळतात. त्यानंतर दीर्घकाळ बहुतेक सजीव एकाच पेशीचे होते. पुढे काही पेशी एकत्र राहून कामे वाटून घेऊ लागल्या. अन्न ओढायचे काम एकीचे, आधार द्यायचे दुसरीचे. अशा समूहांतून प्राणी घडले.

या घडणीचा जिवंत पुरावा स्पंजात आहे. त्याच्या पोकळ्यांत कॉलरसारखे कडे आणि एक हलती कशाभिका असलेल्या पेशी असतात. अगदी तशाच दिसणाऱ्या एकपेशीय सजीवांना शास्त्रज्ञ प्राण्यांचे सर्वांत जवळचे नातलग मानतात. प्राण्यांच्या वंशवृक्षाची पहिली फांदी स्पंजांची की कंगवा-जेलींची, हा वाद मात्र अजून चालू आहे.

स्पंज हा प्राणीच आहे, हे सहज पटत नाही. तो जागचा हलत नाही आणि अंगातल्या शैवालामुळे कधी हिरवाही दिसतो. मुंबईत नोकरीस असलेले डॉक्टर हेन्री जॉन कार्टर यांनी तिथल्या तळ्यांतले स्पंज सूक्ष्मदर्शकाखाली चिकाटीने तपासले आणि त्यांच्या प्राणी असण्याविषयी 1848 साली लेख प्रसिद्ध केला. महाराष्ट्रातल्या मुलांना हे नाव ठाऊक असायलाच हवे.

पहिल्या प्राण्यांना हाडे नव्हती, शिंपलेही नव्हते. म्हणून त्यांचे ठसे दुर्मीळ. 1946 साली ऑस्ट्रेलियातल्या एडिआकारा टेकड्यांत रेग स्प्रिग यांना असे ठसे सापडले. इंग्लंडमध्ये टीना नेगस या शाळकरी मुलीने पानासारखा एक ठसा पाहिला, पण इतक्या जुन्या खडकात जीवाश्म नसतातच, असे तिला सांगण्यात आले. 1957 साली रॉजर मेसन या विद्यार्थ्याला तोच दिसला, तेव्हा त्याची नोंद झाली. 2018 साली डिकिन्सोनिया नावाच्या प्राचीन सजीवाच्या रशियातल्या जीवाश्मात प्राण्यांच्या शरीरात असणाऱ्या कोलेस्टेरॉलचे अंश मिळाले आणि सुमारे 55.8 कोटी वर्षांपूर्वीचा हा सजीव प्राणी होता, याला बळकटी आली.

भोपाळजवळच्या भीमबेटका गुहेतही डिकिन्सोनिया सापडल्याचे 2021 साली जाहीर झाले. दोन वर्षांनी तपासणीत ते आग्या मोहोळाचे अवशेष ठरले. हा प्रसंगही मुलांना जरूर सांगावा, कारण विज्ञानात दावा पुन्हा कसा तपासला जातो, ते त्यातून कळते. त्या बिनकवचाच्या पहिल्या प्राण्यांनंतर, सुमारे 54 कोटी वर्षांपूर्वी कॅम्ब्रियन कालखंड सुरू झाला आणि कवचधारी प्राण्यांचे जीवाश्म विपुल झाले.

जिवंत स्पंज पाहायचा तर सांडपाणी मिसळलेला नदीचा पट्टा टाळून स्वच्छ, संथ पाण्यातले दगड आणि बुडालेल्या फांद्या पाहाव्यात. मोठ्यांपैकी कोणीतरी सोबत असावे. स्पंज खरवडू नये. भिंगातून त्याची छिद्रे पाहावीत. त्याच्या अंगात सिलिकाचे सूक्ष्म काटे असतात. हात लागलाच तर डोळे चोळू नयेत, हात स्वच्छ धुवावेत.