तिथी पाहून निघावं



मे महिना आला की आपल्याकडची सुट्टी माणसांनी गजबजते. मामाचं गाव, लग्नं, देवदर्शन, एका गाडीत आठ जण. ते हवंच. पण वर्षातून दोन-तीन दिवस एकट्यानं समुद्रकाठी काढावेत, आणि त्यासाठी तारकर्ली किंवा गोवा गाठायची गरज नाही, हे मी आज तुम्हाला आग्रहानं सांगणार आहे. मी बोईसरला राहते. डहाणूहून येणाऱ्या विरार गाडीत बसायचं, उमरोळी, पालघर गेलं की केळवे रोडला उतरायचं आणि रिक्षानं किनारा गाठायचा. माझी सुट्टी एवढ्या अंतरावर आहे.

निघण्याआधी मी तिथी पाहते. किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा, की तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ कळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला पाणी भरलेलं. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे दुपारी आणि मध्यरात्री भरती, आणि सूर्य उगवता-मावळता समुद्र लांब गेलेला. पुनवेला, अवसेला उधाण असतं, अष्टमीला भांग, म्हणजे पाण्याचा चढउतार कमी. आपला किनारा सपाट, त्यामुळे उधाणाच्या ओहोटीला वाळूचं मैदानच्या मैदान उघडं पडतं. ज्याला चालायचं आहे त्यानं पुनवेच्या पुढेमागे यावं. केळव्याचा पाणकोट पायी पाहायचा तर ओहोटीच गाठावी लागते, आणि पाणी फिरायच्या आत परतावं लागतं. एकट्यानं पाण्यात मात्र शिरू नये. वाट गावातल्या माणसाला विचारून घ्यावी.

केळव्याला शनिवार-रविवारी गर्दी असते, म्हणून मी आडवारी जाते. शीतलादेवीचं दर्शन घ्यायचं, सुरूच्या सावलीत बसायचं, मग वाडीतून हिंडायचं. पानवेलींचे मळे, नारळी, केळी. उन्हाळ्यातसुद्धा तिथली माती ओली असते. उत्तरेला माहीम, वडराई, शिरगाव. शिरगावच्या किल्ल्यात फांद्या फुटलेलं एक ताडाचं झाड आहे, ते पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. बाहेर कुणी ताडगोळे सोलत बसलेलं असतं. दुपारचं जेवण मी त्यावरच भागवते.

केळवे, माहीम, शिरगाव, तारापूर ही ठाणी १७३९च्या जानेवारीत चिमाजी अप्पांच्या मोहिमेत पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे आली. वसई पडली ती त्यानंतर, मे महिन्यात. तारापूरच्या वेढ्यात बाजी भिवराव रेठरेकर कामी आले. या किनाऱ्यावर चालताना एकेका किल्ल्यामधलं अंतर पायांना कळतं, आणि त्या लढाईचा वेगही कळतो. नुसत्या वाचनातून तो मला कधी कळला नव्हता.

सातपाटीला मी सर्वांत जास्त रमते. कुटुंबासोबत गेलं की आपण आपल्यातच बोलतो. एकट्या माणसाला गाव बोलतं करतं. बोंबील वाळत घालणाऱ्या एका मावशींनी मला विचारलं, “एकटीच का, बाय? घरी सगळं ठीक ना?” ठीक आहे म्हटल्यावर त्यांनी बसायला पाट दिला आणि पापलेटवर बोलायला लागल्या. लहान पापलेट जाळ्यात आलं की पुढच्या वर्षाचा मासा आजच मेला, हे त्यांचं दुःख. पापलेट २०२३ साली राज्यमासा म्हणून जाहीर झालं. त्याचं पिल्लू वाचावं ही सातपाटीची मागणी मला अगदी रास्त वाटते.

खाडीपलीकडे मुरबे, नांदगाव, नवापूर, दांडी. पुढे वाळूची वाट संपते, कारण तारापूरचं अणुवीज केंद्र येतं. देशातलं हे पहिलं, १९६९ साली सुरू झालेलं. तिसऱ्या-चौथ्या संचासाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावं उठली. वळसा घालून तारापूर-चिंचणीला पोचते तेव्हा दरवेळी त्या गावांची आठवण येते. आपल्या घरातला दिवा कुणाच्या तरी अंगणावर उभा आहे.

आणि आता वाढवण. ३० ऑगस्ट २०२४ रोजी तिथल्या बंदराची पायाभरणी पालघरमध्ये झाली. खर्च सुमारे ७६ हजार कोटी. मच्छीमारांचा विरोध त्याच्याही कितीतरी आधीपासून आहे. बंदर झाल्यावर कोणाला काय मिळेल याचे हिशेब मांडणारे पुष्कळ आहेत. मला एवढंच माहीत आहे, की वाढवणला खडक आहेत, आणि पाणी उतरलं की गावातल्या बाया त्या खडकांवर कालवं काढायला जातात. बंदर झाल्यावर ते खडक असेच राहतील का, ठाऊक नाही. तेव्हा पहिल्यांदाच एकटे निघणार असाल, तर केळव्यापासून सुरुवात करू नका. वाणगावला उतरा, चिंचणी-वरोरमार्गे आधी वाढवणला जा.